फक्त कोलन तेवढा शाबूत

चाळीसगावकडच्या एका पतसंस्थेत जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून द्यायचं होतं. तिथल्या नानांची अट एकच होती, सगळं मराठीत दिसलं पाहिजे. तसं टाकून दिलं. मेनू, तारखा, फोल्डरांची नावं मराठीत आली आणि नाना खूश झाले. मग एके दिवशी डिस्प्ले कार्डाने दगा दिला आणि मशीन काळ्या पडद्यावर येऊन थांबलं. नानांनी युजरनेम टाकलं. खालच्या ओळीत पांढऱ्या ठोकळ्यांची रांग उमटली, तिच्या शेवटी कोलन आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. "हाई काय इचारी ऱ्हायनं, भाऊ?"

मशीन परवलीचा शब्द विचारत होतं, तेही नानांनीच मागितलेल्या मराठीत. त्या अख्ख्या ओळीत धड वाचता येत होता तो फक्त कोलन, आणि तो का वाचला यातच बराचसा इतिहास आहे.

१९६३ साली अमेरिकेत ॲस्की हे अक्षरांना नंबर देण्याचं मानक ठरलं. त्यात प्रत्येक अक्षराला सात बिट, म्हणजे सात शून्य-एक, आणि एकूण १२८ जागा. रोमन अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि टेलिप्रिंटरला द्यायच्या काही आज्ञा एवढाच त्याचा संसार. कोलनचा नंबर ५८. नंतर आलेल्या बहुतेक सगळ्या संकेतांनी या १२८ जागांना हात लावला नाही, म्हणून कोलन कुठेही गेला तरी कोलनच राहतो. भांडण झालं ते आठव्या बिटाने मिळालेल्या वरच्या १२८ जागांसाठी. तिथे प्रत्येक देशाने, प्रत्येक कंपनीने आपापली चूल मांडली.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये इस्की हा भारतीय लिप्यांचा संकेत प्रमाणित केला. रोमन खाली जशीच्या तशी, आणि वर देवनागरी. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर जोडाक्षरांसकट मराठी दिसायची, कारण अक्षरं जोडण्याचं काम ते कार्ड स्वतः करायचं. नानांचा पडदा बघताना मला त्याचीच आठवण आली. तीस वर्षांपूर्वी जमत होतं ते आज जमत नव्हतं.

जळगाव-धुळ्याच्या छापखान्यांनी मात्र वेगळी वाट धरली, फॉन्टची. फाइलमध्ये साठायची रोमन अक्षरं आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी तुकडे काढायचा. लग्नपत्रिका झकास निघायच्या. पण तीच फाइल टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, उघडली की नवरदेवाच्या नावाजागी रोमन अक्षरांचा चिवडा. पुष्कळांचा 'मराठी दिसत नाही म्हणजे फॉन्ट टाका' हा समज तिथूनच आला असावा.

सगळ्या लिप्यांना एकाच यादीत नंबर देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. त्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या, आणि त्यांचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेला आहे. पुढच्या वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ची, म्हणजे ते नंबर बाईटमध्ये साठवायच्या रीतीची, मांडणी केली. ॲस्कीचं अक्षर एका बाईटचंच (आठ बिटांचंच) राहील आणि बाकीची अक्षरं जास्त बाईट घेतील, अशी ती युक्ती. देवनागरीच्या वाट्याला तीन आले. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९.

हे तीन आकडे एकदा लक्षात ठेवले की गचाळा पाहूनच दुखणं ओळखता येतं. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ४३७ नंबरचं कोडपेज (कोणत्या बाईटला कोणतं अक्षर ते सांगणारा तक्ता) चालू असेल, तर २२४ म्हणजे ग्रीक अल्फा आणि १६४ म्हणजे डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन. सगळी ओळ अल्फांनी भरलेली दिसली की समजायचं, बाईट बरोबर आहेत, चष्मा चुकीचा आहे. अशा वेळी सीएचसीपी ६५००१ ही आज्ञा देऊन चष्मा बदलतात. तेच बाईट १२५२ नंबरच्या कोडपेजच्या चष्म्यातून गेले की तिरकी रेघ डोक्यावर घेतलेले रोमन 'ए' दिसतात. दूरच्या मशीनवर शिरायला वापरतात त्या ओपनएसएसएचची तऱ्हा आणखी वेगळी. आपला लोकेल (भाषेची आणि संकेताची निवड) यूटीएफ-८ नसेल, तर पलीकडच्या सर्व्हरने पाठवलेली प्रॉम्प्टची, म्हणजे विचारणारी, ओळ ते तशीच पडद्यावर सोडत नाही. परक्या सर्व्हरने अक्षरांच्या आड टर्मिनलला भलतीच आज्ञा देऊ नये, म्हणून ते उलटी तिरकी रेघ आणि त्याच बाईटांचे अष्टमान (आठच्या पायावरचे) आकडे छापतं, 'क' साठी ३४०, २४४, २२५. वैताग येतो, पण ती सावधगिरी आहे. ठोकळे दिसले तर गोष्टच निराळी. तिथे बाईटही ठीक असतात, चष्माही ठीक असतो, फक्त काढायला अक्षरच नसतं.

नानांकडे तेच झालं होतं. लिनक्सच्या मूळ कन्सोलच्या, म्हणजे त्या काळ्या पडद्याच्या, फॉन्टमध्ये २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या मावतात, आणि प्रत्येक आकृती एकसारख्या चौकटीत बसावी लागते. देवनागरीला हे मानवत नाही. 'कि' मधली वेलांटी साठवताना 'क' नंतर येते, पण काढायची त्याच्या आधी. असं मागेपुढे करणं त्या कन्सोलला येत नाही. म्हणूनच डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडायची तर तो ग्राफिकल रूपातच चालवावा लागतो. अक्षराच्या रूपातल्या इन्स्टॉलरमध्ये ती यादीतच नाही.

इथवर फक्त दिसण्याचं झालं. मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या अर्ध्या भागाची. पासवर्ड टाइप करताना टर्मिनल काहीच उमटवत नाही. युनिक्स या लिनक्सच्या पूर्वजाच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत यासाठी गेटपास नावाचं फंक्शन आलं. प्रश्न दाखवायचा, उमटणं बंद करायचं, एक ओळ वाचायची. त्याच आवृत्तीतली क्रिप्ट ही पासवर्ड गुप्त रूपात साठवायची पद्धत पासवर्डचे पहिले आठ बाईटच जमेस धरायची. रोमनची ती आठ अक्षरं, देवनागरीची पुरती तीनसुद्धा नाहीत. 'खानदेश' हा पासवर्ड तिथे 'ख', काना आणि 'न' चे पहिले दोन बाईट एवढाच उरतो. ते दोन बाईट 'न' चे आणि 'ट' चे सारखेच. म्हणजे 'खाट' टाइप केलं तरी दार उघडणार! एमडी५ आणि त्यापुढच्या पद्धती आल्या तेव्हा ही आठाची मर्यादा गेली.

बॅकस्पेसचीही अशीच कथा. कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, यूटीएफ-८ कळत नव्हतं तोवर एकदा दाबलं की एकच बाईट पुसला जायचा आणि अक्षराचे दोन तुकडे मागे राहायचे. लिनक्स २.६.४ मध्ये, २००४ साली, त्यासाठी आययूटीएफ८ नावाची खूण आली. ही खूण एसएसएचमधून पलीकडच्या मशीनला कळवायची रीत प्रमाणित व्हायला मात्र २०१७ उजाडलं.

आणि एक अडचण अजून तशीच आहे, ती खास आपली. फारुकींच्या खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर. यातला 'ऱ्ह' दोन प्रकारे साठवता येतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबून आलेल्या 'ऱ' ला हलंत जोडा, नाहीतर साध्या 'र' ला हलंत देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाका. पडद्यावर तेच अक्षर दिसतं, बाईट मात्र पुढचा 'ह' सोडून एकीकडे सहा, दुसरीकडे नऊ. एकच अक्षर वेगवेगळं साठवलेलं असेल तर ते एका रूपात आणणारं युनिकोडचं प्रमाणीकरणही या दोघांना एक मानत नाही. पासवर्ड ताडून पाहण्याआधी एका साच्यात आणणाऱ्या २००५ च्या सॅस्लप्रेप नियमात तर ते अदृश्य चिन्ह गाळूनच टाकतात, आणि मग उरतं ते रफारवालं बर्हाणपूर. घरच्या कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड ऑफिसच्या कीबोर्डवर लागत नाही, आणि उमटणं बंद असल्यामुळे चूक कुठे झाली तेही दिसत नाही. अहिराणीत तर 'करी ऱ्हायना', 'जाई ऱ्हायना' म्हटल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, तेव्हा आम्हा खानदेशी लोकांना हा फास जरा जास्तच जवळचा.

माझा सल्ला म्हणून थोडा कोता आहे. विचारणारी ओळ खुशाल मराठीत असावी, पण जिथे ती दिसू शकते तिथेच. पासवर्ड मात्र तूर्त रोमनमध्ये ठेवावा. नानांच्या मशीनची मूळ भाषा इंग्रजी केली आणि त्यांच्या डेस्कटॉपची मराठीच राहू दिली. वर प्रोफाइलमध्ये दोन ओळी घातल्या, टर्म 'लिनक्स' असेल तर एलसी मेसेजेस 'सी', म्हणजे काळ्या पडद्यावर संदेश इंग्रजीतच. खिडकीतल्या टर्मिनलसाठी सुडोचा (मुख्य युजरच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचा) प्रॉम्प्ट सुडो प्रॉम्प्ट या व्हेरिएबलमधून मराठीत लिहून दिला.

नवा पासवर्ड नानांनी स्वतःच ठरवला, रोमनमध्ये. विसरू नये म्हणून तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय, देवनागरीत.