डेटाबेस स्थलांतरातील त्रुटी

चालू डेटाबेसची प्रत, म्हणजे डंप, काढून ती नव्या सर्व्हरवर चढवताना किंवा चढवल्यानंतर उद्भवणारे दोष या नावाने ओळखले जातात. कोल्हापुरात उद्यमनगरातील कारखान्यांपासून शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या अडतीपर्यंत हिशेब संगणकावर गेले आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले, त्यामुळे तळमजल्यावरचा सर्व्हर हलवायला यंत्र जुने होणे एवढेच कारण लागत नाही.

मायएसक्यूएल या डेटाबेस चालवणाऱ्या प्रणालीत सर्वांत आधी भेटते ती १०४५ क्रमांकाची, प्रवेश नाकारणारी त्रुटी. एकाच डेटाबेसच्या डंपात युजर व त्यांचे हक्क येत नाहीत. ते नव्या ठिकाणी पुन्हा तयार करावे लागतात. ८.० आवृत्तीचा डंप ५.७ वर चढवल्यास नवे कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना व क्रम ठरवणारा नियमसंच, ओळखू न आल्याने १२७३ ही त्रुटी येते. विंडोजवरून लिनक्सवर जाताना टेबलांच्या नावांतील लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी धरली जातात आणि डोळ्यांसमोर असलेले टेबल ‘अस्तित्वात नाही’ असे उत्तर मिळते. या त्रुटी निदान बोलून तरी दाखवतात.

खरा घोळ मूकपणे होतो, आणि तो मराठी नोंदींना हमखास गाठतो. युटीएफ-८ या, सर्व लिप्यांची अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘कोल्हापूर’ या शब्दात काना, मात्रा, उकार आणि हलन्त धरून नऊ चिन्हे, म्हणजे २७ बाइट होतात. डंप चढवताना सर्व्हरशी असलेली जोडणी लॅटिन-१ वर, म्हणजे एका बाइटला एक अक्षर मानणाऱ्या जुन्या पद्धतीवर राहिली, तर सर्व्हर ती २७ स्वतंत्र अक्षरे समजतो. ओळींची संख्या तंतोतंत जुळते, त्रुटीही येत नाही. मात्र बिल छापताना गिऱ्हाइकाच्या नावाजागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले लॅटिन ‘ए’ दर तिसऱ्या जागी उमटते. म्हणून ओळी मोजून थांबण्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या नावाची अक्षरसंख्या विचारावी: ‘कोल्हापूर’ला नऊऐवजी सत्तावीस आले की निदान झाले.

असा मजकूर बहुधा वाचवता येतो. तो आधी लॅटिन-१ मध्ये, तेथून बायनरीत, म्हणजे नुसत्या बाइटांत, आणि मग युटीएफ-८ मध्ये फिरवला की मूळ बाइट पुन्हा देवनागरी म्हणून वाचले जातात. अर्थात हा प्रयोग प्रतीवरच करावा. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे साठली असतील, तर मूळ बाइटच गेलेले असतात आणि नावे फक्त जुन्या सर्व्हरवरून किंवा बॅकअपमधूनच परत मिळतात.