हापूसची सगळी झाडे मिळून एकच झाड?

पावसाळा सुरू झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या रोपवाटिकांत कोयकलमे बांधण्याची घाई उडते. रायवळ आंब्याच्या कोयीतून नुकत्याच उगवलेल्या, पाने अजून तांबूस असलेल्या रोपाचा शेंडा छाटून खोडाला मधोमध उभी चीर देतात आणि हापूसच्या काडीचे टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतात. एवढा खटाटोप करण्याचे कारण असे, की हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार होतो. ती कोय लावून आलेल्या झाडाला हापूसच लागेल याची खात्री कोणी देत नाही. काडीपासून वाढलेले झाड मात्र मूळ झाडाची जनुकीय प्रतच असते. पेशी विभागताना झालेले बारीकसारीक बदल सोडले, तर एकाच झाडाच्या काड्यांपासून पिढ्यानपिढ्या बांधलेली सगळी कलमे जनुकांच्या हिशेबाने एकच झाड ठरतात; फरक इतकाच, की त्याच्या फांद्या निरनिराळ्या गावांत उभ्या आहेत.

आता उलट बाजूने पाहा. ज्याला आपण एक झाड म्हणतो त्या कलमात दोन जीव असतात. सालीखालचे वाढीचे थर जुळल्यावर खुंटाने, म्हणजे खालच्या रायवळ रोपाने, शोषलेले पाणी काडीला मिळते आणि काडीच्या पानांनी बनवलेली साखर खुंटाच्या मुळांपर्यंत जाते, पण दोघांचे वाण एकमेकांत मिसळत नाहीत. जोडाच्या खालून फुटवा आला तर तो रायवळच असतो, आणि जाणता बागायतदार तो वेळीच काढून टाकतो. म्हणजे जनुके एक पण देह अनेक, आणि देह एक पण जनुके दोन, असे दोन्ही प्रकार एकाच बागेत सापडतात. सर्व जीव अखेर एकच आहेत का, या प्रश्नाला विज्ञान सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही, त्याचे कारण इथे दिसते: ‘एक’ कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर वाहून येणारी ‘ब्लू बॉटल’ हा प्रश्न आणखी अवघड करते. जेलीफिशसारखी दिसणारी ही निळसर पिशवी एकाच फलित अंड्यापासून अंकुरलेल्या अनेक घटकजीवांची वसाहत आहे. त्यांतले काही भक्ष्य पचवतात, काही डंख मारतात, काही प्रजननापुरतेच असतात. एकट्याने जगण्याची सोय कोणापाशीच नाही. (किनाऱ्यावर मेल्यासारखी पडली असली तरी तिचे तंतू डंख मारू शकतात, मुलांना आवर्जून सांगावे.)

आपणही फार वेगळे नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पूर्वी स्वतंत्र जीवाणू होत्या, हा विचार अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी १९६७ साली नेटाने मांडला आणि पुढे तो मान्य झाला. त्याहून मागे गेले तर आज ज्ञात असलेल्या साऱ्या पेशीमय सजीवांच्या वंशरेषा सुमारे चारशे कोटी वर्षांपूर्वीच्या एका समाईक पूर्वजापाशी मिळतात. जनुकांची लिपी किरकोळ अपवाद वगळता सर्वत्र तीच आहे, म्हणूनच माणसाच्या इन्सुलिनचे जनुक जीवाणूला वाचता येते आणि असे इन्सुलिन १९८२ पासून औषध म्हणून वापरात आहे. वंशाच्या अर्थाने ‘सारे एक’ हे विधान आज भक्कम पुराव्यावर उभे आहे.

जाणिवेच्या अर्थाने ते तसे नाही, आणि माझ्या मते अद्वैताला विज्ञानाचा दाखला जोडणाऱ्यांची गल्लत नेमकी इथे होते. वंश एक असला म्हणून अनुभव एक होत नाही. त्यासाठी संदेश वाहून नेणारी प्रत्यक्ष जोडणी लागते. ब्लू बॉटलच्या घटकजीवांत ती आहे, दोन गावांतल्या दोन कलमांत नाही, दोन माणसांतही नाही. गर्भातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही त्या तिथे सापडल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तरीही परगावी असलेल्या मुलाचे दुखणे त्या पेशींकडून आईला कळत नाही. त्यासाठी मुलाला फोनच करावा लागतो.