पुकेको की ताकाहे? न्यूझीलंडच्या पक्षीसहलीला निघण्यापूर्वी

रस्त्याकडेच्या ओल्या कुरणात लाल चोचीचा निळा पक्षी दिसला, तर तो पुकेको. आपल्या जांभळ्या पाणकोंबडीचा हा जवळचा भाऊबंद न्यूझीलंडभर दिसतो. ताकाहे त्याच कुळातला, पण जगात उरलेत जेमतेम ५००च्या आसपास. तो नामशेष झाला असेच धरले गेले होते. १९४८ साली जेफ्री ऑर्बेल यांना तो मर्चिसन डोंगरांत पुन्हा सापडला.

ओळखताना रंगावर जाऊ नका. निळे अंग, लाल चोच, शेपटीखाली पांढरी पिसे, हे दोघांचेही. आधी पाय पाहा. पुकेकोचे काटकुळे, लांब बोटांचे, ताकाहेचे जाडजूड. मग पाठ: पुकेकोची काळी, ताकाहेची शेवाळी हिरवी. सावलीत ही हिरवी पाठही काळीच भासते, म्हणून ऊन आपल्या पाठीशी येईल असे उभे राहा. पुकेको साधारण एक किलोचा, ताकाहे अडीच-तीन किलोचा. पण दुर्बिणीतून एकटा पक्षी पाहताना आकाराचा अंदाज हमखास चुकतो. ताकाहेच्या पिल्लांची चोच काळपट असते, तिथेही पायांचाच भरवसा.

पक्षी उडाला, तर तो ताकाहे नव्हे. उलटे मात्र खरे नाही: पुकेकोही बरेचदा उडण्याऐवजी पळतो. २०१५ साली मोटुटापू बेटावर पुकेकोंची संख्या कमी करताना शिकाऱ्यांच्या गोळ्यांना ४ ताकाहे बळी पडले. फक्त उडत्या पक्ष्यावर नेम धरा, अशी सूचना असूनही. इतक्या थोड्या पक्ष्यांत चार जाणे किती मोठे, हे सांगायला नको.

पायात देठ धरून खाण्याची सवय दोघांनाही आहे. टसॉक गवताचा बुंध्याकडचा रसदार भाग तेवढा खाऊन ताकाहे उरलेले पाते टाकून देतो. अशी पाती पडलेली दिसली की आवाज न करता थांबा.

ताकाहे दिसण्याची शक्यता तिरितिरी मतांगी बेटावर, वेलिंग्टनच्या झीलँडिया अभयारण्यात आणि ते आनाऊच्या पक्षी अभयारण्यात चांगली. बहुतेकांच्या पायांत रंगीत कडी असतात. त्यांचा क्रम टिपून ठेवा, नेमका पक्षी कोणता ते त्यावरून कळते.

८ पट दुर्बीण पुरेशी आहे. खाऊ घालू नका. बुटांच्या तळव्यांतली माती आणि बिया घरीच ब्रशने घासून काढा, आणि वापरलेले बूट विमानतळावर जाहीर करा. बेटावर जाताना पिशवीचा तळही झटका: उंदीर किंवा मुंग्या तिथे पोहोचता कामा नयेत.