पाय दाबला की गाडी दम का खाते? वेबर कार्ब्युरेटर, बेळगावची उंची आणि उसाचं इथेनॉल

पाय दाबला की गाडीने पुढं झेपावायला हवं. त्याऐवजी ती क्षणभर गप्प होते, कधी कार्ब्युरेटरच्या तोंडातून फट्कन आवाज येतो आणि मग एकदम हिसका देऊन पळत सुटते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुन्या फियाट आणि अँबॅसिडर जिवापाड सांभाळणारे लोक आहेत. त्यांच्यापैकी कुणी मूळ कार्ब्युरेटर (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) काढून दुहेरी घशाचा, म्हणजे हवेच्या दोन वाटांचा, वेबर कार्ब्युरेटर बसवला, की थोड्याच दिवसांत गॅरेजमध्ये हे वाक्य ऐकू येतं: "स्लोला मस्त आहे, वर गेल्यावर पण पळतीय, मधेच दम खायलीय."

अशा वेळी पहिला हात जातो तो मेन जेटकडे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य भोकाकडे. मोठा जेट घातला, थोडा फरक वाटला, आणखी मोठा घातला. प्लग काळे पडतात, मायलेज जातं, दम खाणं तसंच राहतं. कारण गाडी 'कशी' अडखळते यापेक्षा ती 'नेमकी कधी' अडखळते हे बघणं जास्त कामाचं आहे. पायाच्या प्रवासात कुठल्या टप्प्यावर दम कोंडतो, ते कळलं की दोष कार्ब्युरेटरच्या कुठल्या वाटेत आहे तेही बहुतेक वेळा कळतं.

मुळात असं होतंच का? एक लिटर पेट्रोल नीट जळायला बेळगावच्या हवेत सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. पेट्रोल त्या हवेपेक्षा सहाशे-सातशे पट जड. बटरफ्लाय, म्हणजे पाय दाबल्यावर फिरणारी घशातली चकती, उघडली की हवा लगेच धावते. पेट्रोल मात्र मोटारसायकलीच्या मागून निघालेल्या, उसाने भरलेल्या ट्रॅक्टरसारखं सावकाश वेग धरतं. त्यात आणखी एक अडचण. स्लोवर, म्हणजे पाय न दाबता इंजिन सुरू असताना, बटरफ्लाय जवळजवळ बंद असते, तेव्हा तिच्या मागच्या नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्याहूनही कमी असतो. इतक्या कमी दाबात पेट्रोलची वाफ सहज होते. पाय दाबताच तो दाब झपाट्याने वाढतो, वाफ होणं मंदावतं आणि थेंब नळीच्या भिंतींना चिकटून राहतात. म्हणजे ज्या क्षणी सिलिंडरला पेट्रोल जास्त हवं, नेमकं त्याच क्षणी ते कमी पोचतं. मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण हळू जळतं. इनटेक व्हॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत ते कधी जळतच असतं. तोंडातून येणारा फटका तो हाच.

ही तूट भरून काढायला वेबरमध्ये पंप असतो. पाय झटकन दाबला की तो घशात पेट्रोलची बारीक पिचकारी मारतो. जुन्या अँबॅसिडरवरच्या एसयू नावाच्या दुसऱ्या बनावटीच्या कार्ब्युरेटरला असा पंप नाही. त्याचा पिस्टन वर उचलला जाताना तेलाच्या डॅम्परमुळे थोडा रेंगाळतो, तेवढ्या वेळात जेटवर ओढ वाढते आणि मिश्रण आपोआप घट्ट होतं. म्हणून मूळ एसयूवरची अँबॅसिडर दम खात असेल, तर आधी डोक्यावरची टोपी उघडून आत तेल आहे का ते बघा. नुसत्या तेलाने बऱ्या होणाऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर उगाच खोलला जातो, याचं मला वाईट वाटतं.

आता वेबर. एदोआर्दो वेबर यांनी इटलीतल्या बोलोन्या शहरात १९२३ मध्ये ही कंपनी सुरू केली. त्यांच्या डीसीओई जातीच्या आडव्या कार्ब्युरेटरमध्ये दोन घसे शेजारी-शेजारी असतात. प्रत्येक घशात पेट्रोल येण्याच्या वाटा वेगवेगळ्या. स्लोवर आयडल जेटचं पेट्रोल मिक्श्चर स्क्रूपाशी बाहेर पडतं. पाय थोडा दाबला की बटरफ्लायची कड घशाच्या भिंतीतल्या बारीक छिद्रांवरून सरकते आणि तीही पेट्रोल देऊ लागतात; पण येतं ते आयडल जेटमधूनच. मेन जेट बराच उशिरा, साधारण अडीच-तीन हजार आरपीएमच्या आसपास कामाला लागतो. म्हणजे गावातल्या गर्दीत, बेळगावच्या खडेबाजारातून गाडी काढताना, तुम्ही जवळजवळ पूर्णपणे आयडल जेटवर चालत असता. तिथल्या अडखळण्यावर मेन जेट बदलून काय होणार?

तरीही कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी स्पार्क तपासा. पॉइंटमधलं अंतर, कन्डेन्सर, प्लग, टायमिंग. डिस्ट्रीब्युटरमधली वजनं (वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी) गंजून अडकली असतील तर वेग वाढूनही स्पार्क लवकर पडत नाही, आणि चालवणाऱ्याला ते हुबेहूब पेट्रोल कमी पडल्यासारखं वाटतं. वेबर बसवल्यावर व्हॅक्यूम अॅडव्हान्सला, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर स्पार्क लवकर पाडणाऱ्या भागाला, मिळणारी ओढही कमजोर आणि थरथरती होते, त्यामुळे ती वजनंच जास्त महत्त्वाची ठरतात.

स्पार्क ठीक असेल तर पुढची परीक्षा सोपी आहे. गाडी बंद, इंजिन थंड, जवळपास बिडी-सिगारेट नाही. एअर फिल्टर काढा, टॉर्च घेऊन घशात बघत दुसऱ्या कुणाला अॅक्सिलरेटर झटकन दाबायला सांगा. दोन्ही घशांत पिचकारी त्याच क्षणी उडाली पाहिजे, सरळ धारेत, दोन्हीकडे सारखी. एकीकडची धार उशिरा आली किंवा नुसती ठिबकली, तर जेटमध्ये कचरा असेल किंवा सुकलेल्या पेट्रोलच्या राळेत झडपेची गोळी चिकटली असेल. फ्लोटच्या खोलीच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्याच्या, तळाशी पंपाची एक झडप असते, तीही बघा. तिला बाजूने छिद्र असतं आणि पिचकारीतला काही भाग तिथून परत खोलीत जातो. ते छिद्र मोठं असलेली झडप बसली असेल, तर पंप ठणठणीत असूनही घशात धार कमी पडते.

झटकन दाबल्यावर दम खाणारी गाडी पंपाकडे बोट दाखवते. हळूहळू दाबतानाही अडखळत असेल तर मात्र पंपाचा संबंध नाही, कारण सावकाश दाबलेल्या पायाला पंप जेमतेमच प्रतिसाद देतो. तिथे संशय आयडल जेटवर. थंड इंजिन सुरू करायचा चोक किंचित ओढून बघा: अडखळणं कमी झालं तर मिश्रण पातळ आहे, वाढलं आणि मागून काळा धूर आला तर घट्ट.

जेट बदलताना आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. वेबर जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात. १३० म्हणजे १.३० मिलिमीटर. पेट्रोल किती येणार ते ठरतं क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. मेन जेट १३० चा १३५ केला तर क्षेत्रफळ सुमारे ८ टक्के वाढतं. आयडल जेट ५० चा ५५ केला तर २१ टक्के. पंप जेट ४० चा ४५ केला तर २६ टक्क्यांहून जास्त. पायरी प्रत्येक वेळी पाचचीच, परिणामात मात्र तिपटीचा फरक. हे लक्षात न घेतल्यामुळे पातळ गाडी एका पायरीत घट्ट होते, आणि मालक म्हणतो, काहीच फरक पडला नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक चोक ट्यूबच्या मापाची (वर ओढून बघितलेला चोक वेगळा). घशातल्या या अरुंद भागात हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या ओढीने मेन जेटचं पेट्रोल वर येतं. ही ओढ वेगाच्या वर्गावर ठरते. ३० मिलिमीटरच्या जागी ३६ ची ट्यूब घातली तर तेवढ्याच हवेसाठी वेग सत्तर टक्क्यांच्या खाली येतो आणि ओढ निम्म्याहूनही कमी होते. मग मेन जेट उशिरा जागा होतो, आयडल जेटची ताकद त्याआधीच संपते, आणि मधल्या पट्ट्यात गाडीला कुणीच वाली राहत नाही. शर्यतीच्या गाडीला मोठी ट्यूब शोभते, कारण ती त्या पट्ट्यात फारशी येतच नाही. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला लहान ट्यूबच द्या, असं मी आग्रहाने सांगेन. टोकाला थोडी ताकद कमी मिळेल, पण गाडी चालवाविशी वाटेल.

आता आपल्या भागाचं काय वेगळं? युरोपातल्या तक्त्यांतले जेटचे आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि त्याची दोन कारणं एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथली हवा सुमारे सात टक्के विरळ. कार्ब्युरेटरमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं, म्हणून मिश्रण तीन-साडेतीन टक्के घट्ट होतं. दुसरीकडे पेट्रोलच बदललं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत सुरू झालं आणि आता पेट्रोल पंपावर तेच मिळतं. याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत उसापासून हे इथेनॉल तयार होतं. त्याच्या वजनाचा जवळपास ३५ टक्के हिस्सा ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५. जुना जेट तसाच ठेवला तर गाडी आठ-नऊ टक्के पातळ चालते. उंचीने दिलेलं वजा केलं तरी चार-पाच टक्क्यांची तूट उरतेच.

शिवाय इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. डिसेंबरच्या सकाळी थंड इंजिनावर दम खाणं वाढतं ते यामुळेही. इथेनॉल टाकीतली जुनी राळ सोडवून जेटपर्यंत आणतं, जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर फ्लोटची खोली रिकामी करून ठेवणं बरं.

हवेची चोरवाट विसरू नका. बटरफ्लायच्या दांड्याजवळ झीज झाली किंवा कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड (इंजिनाकडे जाणारी नळी) यांच्यामधलं रबर चेपलं, की तिथून शिरलेली हवा कुठल्याच जेटला कळत नाही. स्लोवर त्या सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनाचा सूर बदलला तर चोर सापडला. झिजलेल्या दांड्याला नवं बुश बसवायला बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवर हात बसलेले कारागीर आहेत, त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही.

हे सगळं जमवून बेळगावात गोड चालणारी गाडी चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरवली, की पुन्हा पातळ होते, कारण खाली हवा दाट. तीन टक्क्यांसाठी आयडल जेटची पूर्ण पायरी चढलात तर मिश्रण भलतंच घट्ट होईल. त्यापेक्षा पेट्रोलचं भोक तेच, पण हवेचं भोक लहान असलेले आयडल जेट सोबत ठेवा. वेबरच्या डोक्यावरचा एक पंखाचा नट सोडवून गोल झाकण काढलं की ते हाताशी येतात. घाट उतरल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि मगच बदला.