विदर्भात दुःख कागदावर कसं आलं

मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ विदर्भातल्या एका गावात शोकातून उभा राहिला. 1274 च्या सुमारास महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेले. खचलेले त्यांचे शिष्य नागदेवाचार्य ऋद्धिपूरला, आजच्या अमरावती जिल्ह्यात, स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत येऊन राहिले. स्वामींच्या आठवणी नागदेव सांगत गेले, पंथातले म्हाइंभट लिहून घेत गेले. शिवाय ज्याने जे पाहिलं-ऐकलं होतं, त्याला गाठून म्हाइंभटांनी ते विचारून घेतलं. असं लीळाचरित्र, म्हणजे स्वामींचं आठवणींतून उभं राहिलेलं चरित्र, झालं. पुढे मूळ पोथी धाडीत गेली, तेव्हा ज्यांना पाठ होतं त्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. एकाने सांगावं, दुसऱ्याने लिहावं, बाकीच्यांनी भर घालावी ही रीत मला फार मोलाची वाटते. तिच्यात दुःख घेऊन कुणाला एकट्याने बसावं लागत नाही.

पंथातल्या कवयित्री महदंबेसारखा अपवाद सोडला तर बायांच्या हाती लेखणी आली नाही. त्यांचं सांगणं जात्यावरच्या ओवीत झालं. गावोगावी पिठाची गिरणी आली आणि तेही मागे पडलं.

दुःख लिहून काढल्याने माणूस सावरतो का, हे प्रयोगाने तपासणं अलीकडचं. अमेरिकेत डॅलसच्या विद्यापीठात जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी काही विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस रोज 15 मिनिटं मनातल्या जखमेबद्दल लिहायला सांगितलं. पुढच्या 6 महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. हा अभ्यास 1986 साली छापून आला. त्याच वर्षी 19 मार्चला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि 4 मुलांसह जीवन संपवलं. त्यांच्यामागे एक चिठ्ठी राहिली.

जोडीदार गमावलेल्यांना मात्र लिहिण्याचा असा वेगळा फायदा नेदरलँड्समधल्या अभ्यासात दिसला नाही. तो 2002 साली प्रसिद्ध झाला. माझ्या मते विदर्भात हे विसरून चालणार नाही.

कारण इथे शेतकरी गेला की घरात आधी सरकारी कागद येतो. पंचनामा, पोलिसांतला जबाब, सातबारा, बँकेचा थकबाकीचा दाखला. 2006 च्या शासन निर्णयानुसार ‘पात्र’ ठरलेल्या कुटुंबाला 1 लाख रुपये मिळतात. 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. पात्र ठरायचं तर कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा दाखवावा लागतो. तो बैलांशी काय बोलायचा, लेकीला कशी हाक मारायचा, हे त्या कागदांत कुणी विचारत नाही. ज्या बाईच्या हातून नवऱ्याबद्दल पहिल्यांदा लिहून घेतलं जातं ते असं, तिला नुसती वही देऊन ‘मन मोकळं कर’ म्हणणं अपुरं आहे. ऐकणारं माणूस आधी लागतं.

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या 92 व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. त्याआधीपासून त्या ‘तेरवं’ या नाटकात काम करत होत्या. त्यात अशाच घरांतल्या बाया रंगमंचावर उभ्या राहून आपली कहाणी सांगत.