लाइनर की बूस्टर? कापडी डायपरमधल्या दोन पट्ट्यांचा गोंधळ

कापडी डायपरच्या धुतलेल्या ढिगात दोन लांबट पट्ट्या हाताला लागतात. एक लाइनर, एक बूस्टर. आकार साधारण सारखाच, दोन्ही डायपरच्या आतच घालायच्या, त्यामुळे सुरुवातीला कोणती कुठली हे उमगत नाही. ओळखायला एक चमचा पाणी पुरतं. बूस्टरवर ओतलंत तर तो ते पिऊन टाकतो. फ्लीसच्या लाइनरवर मात्र थेंब मोत्यासारखे बसून राहतात. बोटानं दाबलं की खाली उतरतात आणि वरून हात फिरवला तर कापड जवळजवळ कोरडं लागतं.

या चमचाभर पाण्यातच दोघांमधला सगळा फरक आला. लाइनर लघवी पुढे जाऊ देतं, बूस्टर ती धरून ठेवतो. लाइनरचा संबंध बाळाच्या त्वचेशी आणि शी उचलण्याशी. लघवी किती झाली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी हे न कळल्यामुळे रात्रीच्या गळतीवर उपाय म्हणून मी एकाऐवजी दोन लाइनर घालत होते. गादी रोज ओली. दोन चाळण्या एकावर एक ठेवल्या म्हणून त्यांचं पातेलं होत नाही, हे समजायला आठवडा गेला.

लाइनर आधी पाहू. एकदा वापरून फेकायची लाइनर कागदासारखी पातळ असतात. त्यांचं काम एकच: शी वरच्या वर उचलता यावी. त्वचा कोरडी ठेवणं त्यांच्याकडून फारसं होत नाही. पाकिटावर ‘फ्लश करता येते’ असं लिहिलेलं असलं तरी टॉयलेटमध्ये टाकू नका, नळी तुंबते. शी टॉयलेटमध्ये झटकायची आणि लाइनर कचऱ्यात. धुऊन वापरायची लाइनर बहुतेक मायक्रोफ्लीसची असतात. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर, आणि त्याचा धागा पाणी शोषत नाही. बाळाच्या वजनानं लघवी त्यातून खालच्या थरात जाते आणि वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो. ओलं लागलं की लगेच रडणाऱ्या बाळांना याचा खरा उपयोग होतो. नाजूक त्वचेसाठी रेशमाची लाइनरही मिळतात, पण ती हातानं, हळुवार धुवावी लागतात. रोजच्या वापराला मला तरी ती झेपली नाहीत.

फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाची शी पाण्यात सहज विरघळते आणि धुण्यात निघून जाते. तेव्हा पहिले सुमारे 6 महिने शीसाठी म्हणून लाइनर घेण्याची घाई नको. वरचं खाणं सुरू झालं की शी घट्ट होते, आणि मग लाइनरचे पैसे वसूल होतात. अपवाद रॅशच्या क्रीमचा. झिंक ऑक्साइडचं किंवा पेट्रोलियम जेलीचं मलम कापडाला लागलं की त्याचा थर बसतो आणि त्या जागी कापड पाणी घ्यायचं बंद करतं. मलम लावायचं असेल त्या दिवशी मध्ये लाइनर हवंच, बाळ कितीही लहान असो.

आता बूस्टर. डायपरमध्ये शोषणारा मुख्य थर असतो तो इन्सर्ट. बूस्टर म्हणजे त्याच्या जोडीला घातलेला जादा थर. रात्रभराची झोप, लांबचा प्रवास, किंवा मुळातच भरपूर शू करणारं बाळ, अशा वेळी तो लागतो. दिवसा दर दोन-तीन तासांनी डायपर बदलत असाल तर बहुधा लागणारच नाही. इथे खरा प्रश्न कापडाचा आहे, आणि खरेदीत चुका होतात त्या इथेच.

मायक्रोफायबर सगळ्यात झटपट शोषतं आणि वाळतंही पटकन. पण ते स्पंजासारखं आहे: दाब आला की सोडून देतं. बाळ कारसीटमध्ये पट्ट्यांनी आवळून बसलं, किंवा अंगाशी बांधून घेतलं, की पायाच्या घडीतून ओल बाहेर येते. सुती कापड मध्यम वेगानं शोषतं, बऱ्यापैकी धरतं, आणि कसंही धुतलं तरी टिकतं. बांबूचं कापड (प्रत्यक्षात बांबूच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोस) सुतीपेक्षा जास्त धरतं, पण वाळायला वेळ घेतं. हेंप म्हणजे भांगेच्या झाडाच्या खोडातला धागा. तो सावकाश शोषतो, पण पातळ असूनही पुष्कळ धरतो आणि दाबानं सहज सोडत नाही. मात्र नव्या हेंपमध्ये नैसर्गिक तेलकटपणा असतो. सहा-सात धुण्यांनंतर तो पूर्ण कामाला येतो. पहिल्याच रात्री ‘हे काही शोषत नाही’ म्हणून बाजूला टाकू नका.

यावरून थरांचा क्रम आपोआप ठरतो. झटपट शोषणारं वर, सावकाश शोषणारं खाली. हेंप वर ठेवला तर एकदम आलेली लघवी त्यात मुरायच्या आत कडेनं वाहून जाते.

नावांचा एक सापळाही सांगायला हवा. मायक्रोफ्लीस आणि मायक्रोफायबर ऐकायला भावंडं वाटतात, पण एक त्वचेला लावायचं आणि दुसरं कधीच लावायचं नाही. मायक्रोफायबर त्वचेतला ओलावाही ओढून घेतं आणि ती कोरडी, लालसर होते. पुसण्याच्या फडक्यासारखे बारीक फासे दिसले की समजावं हे मायक्रोफायबर. ते पॉकेट डायपरच्या (ज्याच्या दोन थरांमध्ये इन्सर्ट घालायला खिसा असतो) खिशात किंवा दुसऱ्या कापडाखालीच जायला हवं. सुती, बांबूचा किंवा हेंपचा बूस्टर थेट त्वचेला लागला तर इजा नाही, फक्त बाळाला ओलं लागेल.

जागाही महत्त्वाची. मुलगा असेल किंवा बाळ पालथं झोपत असेल तर लघवी पुढच्या भागात जमते, म्हणून बूस्टर पुढे दुमडून तिथे दुप्पट जाडी करावी. उताणं झोपणाऱ्या मुलीला मध्यापासून मागे जास्त लागतं. बूस्टरची कड कव्हरबाहेर, म्हणजे डायपरच्या बाहेरच्या जलरोधक आवरणाबाहेर, डोकावली तर ती वातीसारखं काम करते आणि कपडे भिजतात. थरांवर थर चढवण्याचाही तोटा आहे: डायपर इतका फुगतो की मांडीपाशी इलॅस्टिक टेकत नाही आणि लघवी त्या फटीतून सुटते. म्हणून मला दोन जाड बूस्टरांपेक्षा एक पातळ हेंप केव्हाही बरा वाटतो.

घरातला कुठला बूस्टर दमदार आहे हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. कोरडा तोला, पाण्यात बुडवून भिजू द्या, निथळून तळहातानं चांगला दाबा आणि पुन्हा तोला. वाढलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर पाणी. दाबायला विसरू नका, नाहीतर मायक्रोफायबर फसवा पहिला नंबर पटकावतं.

गळती झाली की काहीही विकत घेण्याआधी तो ओला डायपर उलगडून चाचपा. इन्सर्ट टोकापासून टोकापर्यंत चिंब असेल तर बूस्टर लागेल. पुढचा भाग चिंब आणि मागचा कोरडा असेल तर आहे तेच कापड दुमडून सरकवा. सगळंच अर्धवट कोरडं आणि कपडे मात्र ओले, तर एक तर मांडीपाशी फट आहे किंवा कापडावर थर बसलाय. धुतलेल्या इन्सर्टवर पाण्याचे थेंब टाकून पाहा. ते घरंगळले तर बहुधा मलम किंवा कपडे मऊ करणारं द्रव्य त्याला कारण असतं. मग साबण घालून गरम पाण्यात धुवा, साबण निघेपर्यंत खळबळा, आणि ते द्रव्य पुन्हा वापरू नका.

डायपर गळत नाही, पण बाळाची त्वचा ओलसर आणि लाल दिसते? तेव्हा आधी बदलण्याचं अंतर कमी करा, मग फ्लीसचं लाइनर. लाली दोन-तीन दिवसांत गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं जागेवर असूनही ओल बाहेर येत असेल तर दोन्ही पट्ट्यांना दोष देऊ नका. कव्हर उजेडासमोर धरून पाहा. आतला जलरोधक थर कापडापासून सुटून फुगवटे आले असतील, किंवा पायाचं इलॅस्टिक ओढल्यावर परत येत नसेल, तर ते कव्हरच बदला.