सिंहली समाजातील अतिसारविषयक समजुती व उपचार

श्रीलंकेतील सिंहली समाजात जुलाबांचा संबंध सगळ्या शरीराच्या तोलाशी जोडला जातो. वात, पित्त आणि कफ (सिंहलीत ‘सेम’) यांपैकी काही बिघडले, पचन मंदावले की पोट चालू लागते, ही मूळ धारणा. साध्या जुलाबांना ‘पाचनय’ म्हणतात, रक्त पडू लागले तर ‘ले अतीसारय’.

कारण शोधताना आधी जेवण आठवले जाते. अननस किंवा ट्यूना मासा उष्ण, तर बेल आणि ‘तंबिली’ हे केशरी शहाळे थंड. लहान मुलांच्या बाबतीत जंत, दात येणे आणि दृष्ट (‘अस्वह’) यांकडेही बोट दाखवले जाते. दक्षिणेकडील ‘सन्नी यकुम’ या विधीत रोग आणणाऱ्या अठरा यक्षांचे मुखवटे घालून नर्तक नाचतात. त्यांतल्या जल सन्नियाकडे पटकीचा संबंध लावतात.

घरगुती उपचारांत ‘बेली मल’, म्हणजे बेलाची वाळवलेली फुले, पाण्यात उकळून गुळाच्या खड्यासोबत पितात. ‘अरळु’ म्हणजे आपला हिरडा. तो आवळा-बेहड्यासह त्रिफळ्यात असतोच, पण रेचक म्हणून एकटाही वापरतात. पोटातली घाण आधी बाहेर पडू द्यावी, मग जुलाब बांधावेत, हा त्यामागचा विचार. मोठ्या माणसाला हा उपचार एक वेळ झेपेल, पण जुलाबांनी सुकत चाललेल्या बाळाला रेचक देणे जिवावर बेतू शकते. जुलाबांसोबत खोकलाही असलेल्या मुलाला थंड म्हणून तंबिली न देणे हीसुद्धा तशीच अडचण, कारण पेय नेमके हवे तेव्हाच तुटते.

तरीही या समजुतींना सरसकट अज्ञान म्हणणे चुकीचे ठरेल. आजाऱ्याला दिली जाणारी तांदळाची पातळ पेज, ‘केंद’, शरीराला पाणीही देते आणि आधारही. तिथे ‘जीवनी’ या नावाने मिळणाऱ्या क्षारसंजीवनीची अडचण वेगळी आहे. तिने जुलाब लगेच थांबत नाहीत, गेलेले पाणी आणि क्षार भरून निघतात. औषधाचा गुण शौचाच्या संख्येवर मोजणाऱ्या आईला ती निरुपयोगी वाटली तर नवल नाही. तिला सांगायला हवे ते हे, की डोळे खोल जाणे, तोंड कोरडे पडणे, लघवी कमी होणे यांवर नजर ठेवावी. अनेक कुटुंबे वेदमहत्तया (पारंपरिक वैद्य) आणि सरकारी दवाखाना दोन्हीकडे जातात. त्यामुळे पेज, अंगावरचे दूध आणि जीवनी तिन्ही एकत्र चालू ठेवण्याचा सल्ला त्यांना परका वाटण्याचे कारण नाही.